गिरजाबाईच्या ड्रमातला मासा

प्रिय रीता,

तू फोन उचलत नाईस, म्हणून कामानं इथी आलेल्या जावयांच्या हाती ही चिठ्ठी देते. रागानं फाडू नको, पूर्ण वाच. सातवा लागला ना तुले? पाय सुजतात का? फोनवर मी जे बोलली, त्याचं मागाहून सांगते. आधी इथली खबर ऐक.

चंद्रपुरात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. धरण तळाले टेकलं, नळ पाचव्या दिवशी येते, तेही तासभर. आता तांदळाचं धुवण भांड्याले, भांड्याचं पाणी झाडाले. आंघोळ टबात बसून करायची अन् तेच पाणी संडासले न्यायचं. तुझे बाबा टबात बसले की गुडघे कानाले लागतात. मी हसली तर म्हणतात, तळ्यात वाढलेला माणूस आहे मी, टबातही निभावतो. गल्लीतले कूलर बहुतेक बंदच आहेत. एक शेजारच्या गिरजाबाईचा तेवढा चालत होता, तिले दम्याचा त्रास आहे म्हणून.

गंमत तिचीच आहे. पाच-पाच दिवस पाणी साठवून ड्रमात डासांच्या अळ्या व्हायले लागल्या. बाबांनी मासे धरणाऱ्या ढिवराचं डोकं चालवलं. गोंडपिपरीकडं गेले, आपल्या गावच्या तळ्यात उरलेल्या डबक्यातून बोटाएवढे मासे आणले अन् गल्लीतल्या साऱ्या ड्रमांत एकेक सोडून दिला. कोणाले विचारलं? नाई. आपल्या गावी दुसऱ्याच्या पाण्यात मासा सोडणं म्हणजे उपकार, त्यात विचारायचं काय! पण गिरजाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. झाकण उघडलं तर हा मासा खालून तिच्याकडं पाहून राह्यला. ती तशीच पाण्याचा गडवा घेऊन आमच्या दारात. सारी गल्ली जमा झाली. बाबा म्हणाले, बाई, उपाशी असन, दोन शितं टाका. मग तर बाई आणखीच तापली.

तोंडानं म्हणे, फेकते हे पाणी. पण फेकते कसं, पाच दिवसांचं पाणी होतं ते! ड्रमापाशी उभी राह्यली, उभी राह्यली अन् झाकण लावून घरात गेली. तीन दिवस आमच्याशी अबोला. चौथ्या दिवशी मी कुंपणावरून पाह्यलं, तर बाई ड्रमात शितं सोडून राह्यली होती. आता त्याले बिरजू म्हणते. पाणी काढताना म्हणते, बिरजू, सरक. मी पोट धरून हसली ग बाई.

मागच्या आठवड्यात तिनं विचारलं, रीता कधी येते बाळंतपणाले? अन् माझा बांध फुटला. सांगून टाकलं सारं. त्या दिवशी नळ आलाच नव्हता, ड्रम खडखडीत, अन् तुझा फोन आला. माझ्या तोंडून निघून गेलं, इथी प्यायले पाणी नाई, तू सासरीच राह्य. पहिलटकरीण लेकीले आईनं असं म्हणावं का? तेव्हापासून घास गोड लागत नाई. ऐकून गिरजाबाई माशाच्या दिवशीपेक्षा जास्त रागावली. मग बाबांकडून तो ड्रम उचलवून आमच्या अंगणात आणला. म्हणाली, “माझा कूलर आजपासून बंद. ते पाणी रीताच्या न्हाण्याले. अन् बिरजूही इथीच राहीन, लेकराले डास नको चावाले.” दम्याचं काय, विचारलं, तर म्हणे, पदरानं वारा घेईन.

दुसऱ्या दिवशी समोरच्या हर्षानं पाणी साठवाले तिची मोठी टाकी पाठवली. बाबांनी न्हाणीतली फरशी घासली, चूल मांडली, मालिशवालीले सांगून आले. रोज सकाळी तुझ्या खोलीत जाऊन उगाच उभे राहतात. चुकली मी, रीता. पाणी आहे पोरी, तुझ्यापुरतं अन् लेकरापुरतं भरपूर आहे. जावयांसोबत रविवारीच निघ. गिरजाबाई रोज संध्याकाळी बिरजूले शितं टाकाले येते अन् रस्त्याकडं पाहून मले विचारते, निघाली का तुझी पोरगी?

न्हाणीघराची चूल सारवून बसलेली,
तुझीच आई
गोकुळा