दसरूच्या बांधीतली रेती

१९ एप्रिल ५६
आलापल्लीच्या रस्त्यावर रपटा बांधायचा, पुराचं पाणी वरून जाईल असा ठेंगणा पूल. गोटे पायजेत. खदान तीन कोस, बैल थकले, मीही. डोंगरातून उतरणारा नाला इथीच अन् त्यात आडवे पडलेले हे मोठमोठे गोटे. लोखंडी सबलीनं उखडून बारा काढले. दसरूबुढा आला. नाल्याखाली त्याची धानाची एकच बांधी, तेवढंच शेत. म्हणे, "मिस्त्रीभाऊ, मोठे नको काढू. त्याईनं रेती धरून ठेवली हाये." मी म्हटलं, "बुढ्या, गोटा का चौकीदार हाये?" गडी हासले.

६ मे
रपटा झाला. बांधकामाच्या साहेबांची जीप पार गेली. खूष होते. मीही.

२३ जुलै
दोन दिवस पाणी. आज नाला उतरला. दसरूचा रोवणा, धानाची लावणी, होऊन आठवडा. बांधी दिसतच नाई, मांडीभर रेती. एका कोपऱ्यात धानाचे चार शेंडे. तो अन् त्याची बाई टोपल्यानं उपसून राह्यले. मले "जोहार भाऊ" म्हटलं. शिव्या तरी द्यायच्या होत्या.

२४ जुलै
वर जाऊन पाह्यलं. एकेका गोट्यामागं रेतीचा ओटा होता, पायऱ्या-पायऱ्यांनी. पाणी थबकत उतरे. आता नुसती घसरगुंडी, खडक उघडा. तरी रिपोर्टात लिहिलं, "अतिवृष्टीमुळे." हलकट आहे मी.

९ ऑगस्ट
सुट्टीच्या दिवशी एकट्यानं नाल्यात गोटे टाकले, उचलता येतील तेवढे. दुपारच्या पाण्यात सगळे गडगडत गेले. मोठ्याच्या आधारानं लहान टिकतात. अन् मोठे रपट्यात. आणखी वर तीन मोठे शाबूत हायेत, मागं रेती भरलेली.

१७ ऑगस्ट
साहेबांना द्यायला खरं लिहून काढलं. गोटे मी काढले, दसरूनं बजावलं होतं. नोकरी जाईन, जाऊ दे. आधी त्यालेच वाचून दाखवलं. टोपलं ठेवून ऐकलं त्यानं.
"देऊ नको," म्हणे.
"काऊन दसरूभाऊ?"
"तुले काढतीन. नवा येईन, त्याले का मालूम? वरचे तीन नेईन. तुले तं आता समजलं."
ऐकून बरं वाटलं मले. त्याचीच लाज जात नाई. बांधी त्याची गेली, सुटका माझी...
कागद पेटीत टाकला.

२० ऑगस्ट
साहेबांचा निरोप. पाऊस सरताच रपटा रुंद करायचा. "गोटे मागच्यासारखे जवळूनच घ्या. काम झपाट्यानं झालं होतं." येत्या सोमवारी जागा पाहायला स्वतः येतात. खदानीतून आणतो म्हटलं तर काऊन, ते विचारतीनच.
कागद पेटीतून काढून खिशात ठेवला आहे.