मोठ्या दाराची किल्ली

मिनास, गुरुवार

आई, आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच.

मला नव्या तुरुंगात हलवलंय. भात आणि काळा घेवडा पोटभर मिळतो, झोपायला स्वतःचा पलंग आहे, कोणी मारत नाही. म्हणूनच झोप लागत नाही.

जुन्या तुरुंगात नंबरने हाक मारायचे. इथे शिपाईच नाहीत, कैदीच सगळं सांभाळतात, सगळे नावाने 'जुरांदिर' म्हणतात, जेवायला लोखंडी सुरी देतात. फुकटात इतकं गोड कोण वागतं? बाबा आत होते तेव्हा त्यांना उपाशी अंधारकोठडीत टाकायचे आणि गाव म्हणायचं, बरं झालं. माणसं एवढी कधी बदलली?

सोमवारपासून सकाळी मोठ्या दाराची किल्ली माझ्याकडे असते. ती देताना ऑस्मार, तोही कैदीच, म्हणाला, "पळायचं तर दारातून जा बाबा, भिंतीवरून उडी मारून पाय मोडून घेऊ नकोस."

काल सगळे प्रार्थनेला गेल्यावर मी दार हळूच उघडलं. झुडपामागे बंदूकवाले दबा धरून असणार, अशी खात्री होती. रस्त्यावर एक गाढव चरत होतं, बाकी कोणी नाही. मी घाईघाईने आतून कुलूप लावलं.

तुझे गुडघे कसे आहेत? रविवारी येताना मक्याचा केक आण, इथे झडतीत तो कुस्करत नाहीत. फक्त सकाळच्या बसने येऊ नकोस. दुपारी दारावर ऑस्मार असतो. दार उघडं, समोर तू आणि किल्ली माझ्या हातात, एवढा भरवसा मला अजून माझा नाही.

तुझाच,
जुरांदिर