मांजराचं सगळं रीतसर

२ ऑगस्ट
कालिपाइतला, जावाच्या डोंगरातल्या लेकीच्या गावी, पोचलो. सेमारांगच्या वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून आयुष्यभर पोट भरलं. आता महिनाभर टिंगलीला सुट्टी. वेनिंगला, माझ्या लेकीला, नववा लागलाय. जावई कोरियाच्या बोटीवर मासे धरतो, तिची आई नाही, म्हणजे बाळंतपण माझ्या गळ्यात. दवाखाना खाली वोनोसोबोला, मधे सगळा घाट. म्हणून आल्या आल्या गाडी घेतली. शेजारच्या पाक विग्न्योंची; इथे वडीलधाऱ्या कुणालाही पाक म्हणतात, बापाकचं आखूड. चौकोनी डबडं, वयानं वेनिंगपेक्षा मोठं. पाक विग्न्यो कचेरीतून निवृत्त झालेले. इतके नम्र, की वाटेत बकरी आली तरी तिला आधी जाऊ देतात. डोळे अधू झाले म्हणून विकली म्हणे. हाती देण्याआधी फुलांच्या पाण्यानं धुतली. आत मोगऱ्याचा असा घमघमाट, की नवरी बसवावी की प्रेत ठेवावं कळेना. इंजिनात बारीक टकटक आहे. त्यावर म्हणाले, म्हातारं इंजिन आहे पाक, बोलणारच. तुम्ही-मी गप्प बसतो का?

बाकी हवा छान आहे. धुकं, गरम चहा आणि लेकीच्या हातचं तळलेलं सोयाबीनचं तेम्पे.

५ ऑगस्ट
टकटक वाढली. जार्वो मिस्त्रीला बोलावलं. केस खांद्यापर्यंत, बढाया त्याहून लांब. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले, दुसऱ्या हातात माझ्याच घरचं तेम्पे. आधी पेट्रोलला शिव्या घातल्या, मग टॅपेट सेट केले. म्हणाला, आता पाक, हिच्यात बाळ झोपवलंत तरी उठायचं नाही.

७ ऑगस्ट
उठलं. इंजिनातला ठोका गाडीच्या वेगाबरोबर पळतो, एवढं मलाही कळतं. हा पळत नाही. ॲक्सिलरेटर दाबा, सोडा: तीन ठोके, जरा थांबणं, पुन्हा तीन. बंद दारावर कुणी मारावेत तसे. जार्वोनं एकेका प्लगची वायर काढून पाहिली. ज्या वायरीला आवाज दबेल त्या सिलिंडरमध्ये दोष. चारही निर्दोष सुटले, आमच्या पुढाऱ्यांसारखे.

९ ऑगस्ट
ऑइल काढलं. काळं असायला हवं. हे तांबूस, शेंबडासारखी तार धरून उतरलं. वास कुजवलेल्या कोळंबीच्या तेरासीचा. आणि तेरासी मी आवडीनं खातो, म्हणजे खायचो. जार्वोच्या बोटाभोवती एक केस आला. त्यानं स्वतःच्या केसाशी धरून पाहिला. त्याच्याहून लांब.

त्यानं विचारलं, पाक, चाकाखाली मांजर घेतलंत काय? मी नाही म्हटलं. इथे मांजर चिरडलं तर तिथेच उतरायचं, अंगातला शर्ट काढून त्यात गुंडाळायचं आणि पुरायचं. नाहीतर गाडी स्वस्थ बसू देत नाही. या समजुतीची मी छापून खिल्ली उडवली आहे. एका मांजरापायी नवा शर्टही घालवला आहे, ती गोष्ट वेगळी.

११ ऑगस्ट
पाक विग्न्योंना विचारायला गेलो. त्यांनी चहा दिला, केळ्याचे काप पुढे सरकवले आणि आढेवेढे न घेता सांगून टाकलं. हो, गेल्या पावसाळ्यात, संध्याकाळच्या धुक्यात, बटाट्याच्या गोदामापाशी वळणावर. मांजराचं सगळं रीतसर केलं म्हणे. अंगातला बातिक शर्ट उतरवला, न बघताच गुंडाळलं, कारण तसल्या गोष्टी बघू नयेत. मांजर जरा जड होतं. दोन्ही हात लागले. आणि बेटं लवकर शांत होईना. शर्टाच्या आतून ठोसे मारत होतं. मग बाह्यांची घट्ट गाठ मारली आणि वर माती लोटली. प्रार्थनाही म्हटली.

मग म्हणाले, अजून एक काप घ्या ना.

घरी येऊन आधी हात धुतले. का, माहीत नाही.

१२ ऑगस्ट
जार्वोला मांजराची गोष्ट सांगितली. तो एरवी कशालाही हसतो. हसला नाही. म्हणाला, त्याच आठवड्यात बटाटे काढणाऱ्या बाईची मुलगी हरवली, सुमी, सात वर्षांची. गावानं शोध समिती नेमली. अध्यक्ष पाक विग्न्यो. सगळं रान पालथं घातलं, एक गोदामाची बाजू सोडून. ती अध्यक्षांनी स्वतः बघितली होती.

मग त्यानं ऑइल चेंबर उघडलं. तळाशी चिकट गाळ. गाळात मूठभर केस, त्या केसांत एक दात. दुधाचा. जार्वोनं तो पेट्रोलमध्ये धुऊन कागदावर ठेवला आणि भिंतीशी जाऊन ओकला. चेंबर बसवून दिलं. पुन्हा हात लावणार नाही म्हणाला. हत्यारं न घेताच गेला.

दाताची पुडी पँटच्या खिशात आहे. टाकवत नाही.

१४ ऑगस्ट
गावप्रमुखाकडे गेलो. म्हणाला, दात काय, कुणाचाही पडतो. पाक विग्न्यो मोठा माणूस, सतरा तारखेला, स्वातंत्र्यदिनी, समाजसेवेबद्दल त्यांचा सत्कार आहे. आधी झेंडा फडकू दे, दाताचं मग बघू. वेनिंगसाठी त्याची पिकअप मागितली. मिरवणुकीला सजवायची आहे म्हणे.

बायको-मुलांसह जेवत होता. सगळे तेरासी लावून भात खात होते. मचमच आवाज करत.

१५ ऑगस्ट
गाडीची चावी खिशात आहे. इंजिन गार. अंगणात उभ्या गाडीतून तीन ठोके. थांबणं. तीन.

वेनिंग हसून म्हणाली, बापाक, बघा, बाळ कसं लाथा मारतंय. हात ठेवला.

तीन. थांबणं—

हात काढून घेतला.

१७ ऑगस्ट
कळा. इतक्या लवकर. गावातली झाडून सगळी वाहनं मिरवणुकीत. पिकअपवर पाक विग्न्यो, गळ्यात हार. मी ओरडलो. त्यांनी नम्रपणे हात हलवला.

डबड्यातूनच निघालो.

वळणावर, गोदामापाशी
बंद पडली. इथेच. ठोके बंद नाहीत—

कुणी येत नाही. वरून, गावातून, बँडचा आवाज. वेनिंग मागच्या सीटवर—

मुलगी झाली. वेनिंगचा श्वास चालू आहे. डोळे मिटलेत. लिहितोय, नाहीतर ओरडेन.

बाळाला गुंडाळायला काही नव्हतं. अंगातला शर्ट काढला. गुंडाळलं. या जागी, शर्टात, माझ्याच हातांनी—

रडत नाही. शर्टाच्या आतून तीन ठोके—

बाह्यांना गाठ आहे. मी मारली नव्हती.

सोडली. वास. तोच.

तोंड उघडलंय. दात. आत्ता जन्मलेल्या पोरीला दात, भरलेली ओळ, पुढे एकच फट—

तिचा हात माझ्या खिशाकडे.

पाक, म्हणते. पाक, माझा—