जोडसायकलचं पुढचं सीट

अहो,

वर आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. संसारात तुम्हाला कधी नावानंही हाक मारली नाही, प्रिय तर लांबच. ‘अहो’ म्हटलं की घरात असाल तिथून ‘काय गं?’ म्हणायचात. तेव्हा तेच बरं.

आत्ता लिहायला बसले, कारण परवाच्या रविवारी जोडसायकल भिगवण रस्त्यावरच्या आपल्या चहाच्या टपरीवर नेली. नेली म्हणजे मी नेली, पुढच्या सीटवर बसून! तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

तुम्ही फाल्गुनात गेलात. वालचंदनगरहून ड्यूटी करून आलात, छातीत दुखतंय म्हणालात आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यावर जास्त लिहीत नाही. घरी आल्यावर कुणीतरी पोर्चमधल्या सायकलवर चादर टाकली. कुणी टाकली ते मला अजून माहीत नाही, पण मीही ती काढली नाही.

टपरीवरची मंडळी येऊन गेली. तुमची ती मंडळी! रविवारी सकाळी जमायचं आणि पहिला तासभर कुणी सायकल चालवायचीच नाही, नुसत्या एकमेकांच्या बघत बसायचं. जळोचीच्या तात्यांनी आपल्या काळ्या सायकलला बुलेटचं सीट बसवलं, ते तर येईल त्याला बसून बघायला लावायचे. बँकेतल्या प्राजक्तानं भंगारातून आणलेली गिअरची सायकल स्वतः रंगवली आणि तिच्या हँडलला आईच्या फाटक्या इरकलीच्या काठाची पट्टी गुंडाळली, तेव्हा तुम्ही किती कौतुक केलं होतंत!

पण आपली आली की सगळे तिच्याभोवती. तुम्ही एकेक जोड बोटानं दाखवायचात. पुढचा सांगाडा गावच्या, कळसच्या घरातल्या तुमच्या शाळेच्या सायकलचा, मागचा एका लेडीज सायकलचा, मधला पाइप तुम्ही घासून बसवलेला, मधली चेन दोन चेना जोडून केलेली. आणि मी? मी चहाचा कप धरून उभी. ‘यात वैनींचं काय काम?’ असं कुणी विचारलं की म्हणायचात, ‘मागचं इंजिन!’ हसायचे सगळे. मीही हसायचे. पण रंग हिरवा द्या म्हणून मी सांगितलं होतं आणि तुम्ही न विचारता पिवळाधमक दिलात, ते कधी सांगितलंत का त्यांना?

मागच्या इंजिनाला रस्ता कधी दिसला नाही, अहो. तुमची पाठ दिसली. खड्ड्यातून गेल्यावर तुम्ही ‘खड्डा!’ म्हणून ओरडायचात. ही सवय शेवटपर्यंत गेली नाही तुमची.

दिवाळीनंतर पुण्याचे एक हॉटेलवाले आले. टपरीच्या ग्रुपवर टाकलेला तुमचा जुना फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांना जोडसायकल हॉटेलच्या दारात ठेवायची होती. चांगला माणूस होता, अदबीनं बोलत होता. सुमनवन्सं त्या दिवशी कळसहून आल्या होत्या. तुमच्या बहिणीचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, चहा ठेवायच्या आधीच त्यांनी निकाल दिला.

“वैनी, देऊन टाका. दारात उभी दिसली की मला बघवत न्हाय.”

मला वाटलं, भावाची आठवण येते म्हणून म्हणतायत. आणि खरं सांगू? मीही मनानं तयार झाले होते. नुसती उभी राहून टायर चिरायला लागले होते. मी चादर काढली. त्या गृहस्थांनी चारी बाजूंनी फोटो घेतले, तुमच्या कामाचं तोंडभरून कौतुक केलं आणि म्हणाले, “मॅडम, पुढचं तसंच ठेवू. मागचं सीट काढून तिथं छान फुलांची कुंडी बसवता येईल.”

मागचं सीट. माझं.

“नाही देणार,” मी म्हटलं.

“कुंडी नको असेल तर—”

“सायकलच देणार नाही. चहा घेऊन जा.”

ते बिचारे चहा घेऊन गेले. वन्संही गाल फुगवून शेवटच्या एसटीनं कळसला गेल्या. आणि मी पोर्चमध्ये विचार करत उभी, की आता ‘नाही’ म्हणून तर बसले, पुढे काय? दोन सीटच्या सायकलवर मी मागं एकटी बसून कुठं जाणार होते?

दुसऱ्या दिवशी तात्यांना बोलावलं. पुढं बसून बघते म्हटलं, तर लगेच निघाले. पाना घेऊन आले. सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“सीट खाली घ्यावं लागंल, वैनी. पाय न्हाय पोचायचे तुमचे.”

मी घ्या म्हणाले. त्यांनी पाना लावला आणि थांबले. सीटच्या पाइपवर तुमच्या उंचीला गंजाची एक रेघ पडली होती.

“घेऊ ना? ही रेघ आत घासून जाईल, परत त्या जागी बसवायचं म्हणलं तर अंदाज ऱ्हाणार न्हाय.”

अहो, त्या वेळी रडले. तुमच्या दहाव्याला, तेराव्याला डोळ्याला पाणी नव्हतं आणि एका पाइपपाशी रडले! तात्या दुसरीकडे बघत उभे राहिले. मग मी तोंड पुसलं आणि म्हटलं, “घ्या खाली. परत वर करायचं नाही.”

शाळेच्या मैदानावर सकाळी मुलं यायच्या आधी शिकायला लागले. लहानपणी येत होती सायकल, पण ही म्हणजे बैलगाडी वळवायची. दोनदा आपटले. गुडघा फुटला. नववीच्या वर्गात शिकवायला लंगडत गेले तर पोरी खुसखुसत होत्या. पण जमलं. सरळ जायला जमलं, मग वळायला, आणि थांबायला सगळ्यात शेवटी.

संक्रांतीला वन्सं तिळगूळ घेऊन आल्या, तेव्हा मी सायकलवरूनच फाटकातून आत आले. त्यांनी कपाळाला हात लावला.

“काय हो वैनी हे! लोकं काय म्हणतील?”

“लोकं बाजूला सरकतात,” मी म्हटलं. “तुम्ही का इतक्या चिडता या सायकलवर? दादांची आठवण येते म्हणून?”

“आठवण येती की. पर राग बी येतो.” त्या पायरीवर बसल्या. “ही पुढची सायकल हाय ना, हिच्यावर दादा हायस्कूलला जायचा. मी मागनं चालत. माझं दप्तर कॅरिअरवर आन् मी पायी! मला बी बसव म्हणलं तर म्हणायचा, पोरं चिडवत्यात. एकदा घरात कुणी न्हाय बघून शिकायला काढली, तर आबांनी हातातनं काढून घेतली. पोरीला काय करायचीय म्हणं. दादा तितंच हुबा होता. काय बोलला न्हाय.”

वडलांपुढं का नाही बोललात? बरं, तेव्हा लहान होतात. पण नंतर? दर भाऊबीजेला साडी नेत होतात, एकदा मागच्या सीटवर बसवून कळसभर फिरवलं असतंत तर काय बिघडत होतं? आणि मला यातलं एक अक्षर कधी सांगितलं नाहीत. टपरीवर सायकलची सगळी हकीकत सांगायचात, तेवढी ही सोडून!

मी वन्संना म्हटलं, “बसा मागं.”

“आता? या वयात?”

“मीही याच वयात शिकले.”

पदर खोचून, देवाचं नाव घेऊन बसल्या. फाटकाबाहेर पडेपर्यंत ओरडत होत्या. कोपऱ्यावर गप्प झाल्या. मला वाटलं घाबरल्या. मग मागून पायडल जोरात फिरायला लागलं आणि आवाज आला, “वैनी, हळू का चालवताय?”

परवा रविवारी दोघी टपरीवर गेलो. सगळे उठून उभे राहिले. तात्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या सीटचं कौतुक बाजूला ठेवलं. नवीन आलेल्या एकानं विचारलं, कुणी बनवली? मी तुमचं नाव सांगितलं आणि तुमच्यासारखे सगळे जोड बोटानं दाखवले. पुढचा सांगाडा कळसच्या घरातला, असं मी म्हणेपर्यंत वन्सं मध्येच बोलल्या, “आमच्या दोघा भावंडांचा.”

मी दुरुस्त केलं नाही. तुम्हीही करू नका.

येताना त्या मला म्हणाल्या, हँडल धरायला शिकवा. आता दर सुट्टीला येणार आहेत. तुम्हाला शब्द देते, उन्हाळ्याआधी त्यांना शिकवीन आणि कळसच्या हायस्कूलसमोरून जोडसायकल जाईल तेव्हा पुढं सुमनवन्सं असतील. मी मागं बसून पायडल मारीन.

तुमची,
वैशाली