मंगळ मागं जात नाही

३० डिसेंबर २०२४, येळवस (वेळ अमावस्या)

दिवसभर रानात. कडब्याची कोप उभारली, तिच्यात पाच पांडवांचे दगड मांडले, पूजा केली. भज्जी आणि आंबील भावजयीनं दिली. शिवकांता आली नाही. मी बोलावलं नव्हतं. येळवसला बोलवायचं नसतंच. वाटेनं जाणारा अनोळखी माणूसही हक्कानं जेवून जातो. आज एक एसटी कंडक्टर दोनदा वाढून घेऊन गेला. त्याला कुणी बोलावलं होतं? मग बायकोलाच वेगळं निमंत्रण कशाला?

वडील वारल्यापासून ती माकणीला माहेरी आहे. मातीला मी गेलो होतो. दहाव्याला जमलं नाही. त्याच दिवशी दुर्बीण यायची होती आणि कुरिअरवाला ओटीपी मागतो. सासरे तर गेलेलेच होते. दुर्बीण परत गेली असती.

अमावस्या, त्यामुळे आकाश फर्स्ट क्लास. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या खाली मंगळ, लालभडक. सध्या वक्री आहे.

२ जानेवारी २०२५

नववीला वक्री गती शिकवली. सोपं आहे. आपली एसटी उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करते, तेव्हा खिडकीतून ट्रॅक्टर मागं जाताना दिसतो. प्रत्यक्षात तोही पुढंच चाललेला असतो. पृथ्वी आतल्या कक्षेतून जोरात निघते, मंगळ बाहेरून दमानं. आपण त्याला गाठून पुढं जातो, म्हणून तो ताऱ्यांमधून उलटा सरकल्यासारखा वाटतो. मंगळ मागं जात नाही. नुसता भास.

घरी येताना लक्षात आलं, शिवकांताचंही हेच आहे. गेल्यासारखी दिसते, इतकंच. २४ फेब्रुवारीला मंगळ पुन्हा सरळ चालू लागणार. तोपर्यंत फोन करायचा नाही. पक्का संकल्प.

३ जानेवारी

फोन केला. केवळ वैज्ञानिक माहिती द्यायला.

एसटी आणि ट्रॅक्टर तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हंजे ट्रॅक्टर आपल्या वाटंनंच चालला हुता, गाडीच त्याला टाकून फुडं गेली, असंच ना? मी म्हटलं, अगदी बरोबर, पैकीच्या पैकी मार्क. त्यावर ती काहीच बोलली नाही. विषय नीट समजला की विद्यार्थी असेच गप्प होतात.

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारच्या अयोध्याबाई तिळगूळ घेऊन आल्या. मी त्यांना सांगितलं की सूर्य उत्तरेकडं वळून तीन आठवडे झाले, तुमची संक्रांत लेट आहे. त्या म्हणाल्या, मास्तर, सूर्याचं राहू द्या, वाण घ्यायला घरात बाई न्हाय ते बघा. मी म्हटलं, मंगळ वक्री आहे, फेब्रुवारीत येईल. तर म्हणे, आमचा जोशीबी असंच सांगतो की! तुमच्यात अन् त्याच्यात फरक काय मग?

अडाणीपणाला औषध नाही. जोशी पंचांग बघतो, मी दुर्बीण बघतो. तिळगूळ कडक होता.

१६ जानेवारी

आज प्रतियुती. सूर्य, पृथ्वी, मंगळ एका ओळीत. सूर्य मावळला आणि मंगळ उगवला. आता तो ऐन तेजात आहे. असा योग दोन वर्षांनी येतो.

नेमका मेहुण्याचा, रणधीरचा फोन. दाजी, आक्काला न्यायला कवा येताय? माहेरी गेलेल्या बाईला न्यायला माणूस लागतो, ती आपली आपण पिशवी उचलून येत नाही, असा त्यांच्याकडचा जुना रिवाज. मी विचारलं, ग्रहांना न्यायला कोण जातं? ते आपले आपण फिरतातच ना?

म्हणाला, दाजी, ग्रहाचा बाप मेला न्हवता.

रेंज गेली, असं मी सांगितलं.

४ फेब्रुवारी

आज गुरू वक्रीचा सरळ झाला. उत्तम सुरुवात. संध्याकाळी दार वाजलं. केस विंचरून उघडलं. अयोध्याबाई. डब्याचं झाकण मागायला.

दूध उतू गेलं. शेगडी उद्या पुसायची. हे उद्या गेल्या महिन्यापासून चालू आहे.

२४ फेब्रुवारी

सकाळी मंगळ सरळ झाला. शाळेला दांडी. घर झाडलं, शेगडी पुसली, दाढी केली. धाराशिवहून माकणीमार्गे येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टँडवर जाऊन आलो. हवा खायला. गाड्यांतून बरीच माणसं उतरली.

दिशा बदलताना ग्रह काही दिवस जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. घाई करण्यात अर्थ नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी होती म्हणून माकणीला गेलो. सुट्टी होती म्हणूनच.

रणधीरनं खुर्ची दिली. त्याच्या बायकोनं, दैवशालानं, पाणी दिलं. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो, हार ताजा. मी त्याच्याकडं पाठ होईल अशी खुर्ची फिरवून घेतली, डोळ्यांवर उजेड येत होता. शिवकांता साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. बारीक झालीय. मी म्हटलं, मंगळ सरळ झाला. म्हणाली, व्हय का, बरं झालं. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, खिचडी गार व्हायलीय.

एवढ्या प्रवासात तयार केलेलं भाषण आठवेना. नुसता खात बसलो.

निघायच्या वेळी दैवशाला आतून कुंकवाचं ताट घेऊन आली. पाठोपाठ शिवकांता. मला हायसं वाटलं. सासरी निघालेल्या बाईची ओटी भरल्याशिवाय पाठवत नाहीत. मी उठलो आणि विचारलं, तुझी पिशवी कुठंय, दे, मी घेतो.

दैवशालानं कुंकू माझ्या कपाळाला लावलं. ताटात टॉवेल-टोपी होती. पाहुण्याचा आहेर.

रणधीर म्हणाला, बसा दाजी गाडीवर, फाट्याला सोडतो, मागनं तुमची लोहाऱ्याची गाडी हाय.

२७ फेब्रुवारी

आकाश निरभ्र. गच्चीवर गेलो नाही.

टोपी घालून बघितली. रेडीमेड टोपी मला कधीच बसत नाही, डोकं मोठं आहे, लग्नातही शिवून घ्यावी लागली होती. ही बरोबर बसली. माकणीत माझ्या डोक्याचं माप एकाच माणसाला माहीत आहे.