आमच्या गोगलगायीचं खातं

३ जून
आमचे हे अकरा वर्षं एका गोगलगायीच्या मागे आहेत. शंख डावीकडे वळलेला. एकाच तळ्याकाठी सापडते. ती दुसरीकडेही आहे असं महिनाअखेर दाखवता आलं नाही, तर काम बंद, प्रयोगशाळेतली खोली रिकामी करा, असं साहेबांनी सांगितलं. वर म्हणाले, सोशल मीडियावर या. एकटे किती तळी फिरणार? लोकांना फोटो दाखवा, कुणीतरी पाहिली असेल. हे म्हणाले, मला नाही जमायचं. म्हटलं, मी आहे ना! मॅट्रिक काय उगाच झाले?

४ जून, सकाळ
धाकट्या लेकीने दाखवलं, मी देवाचं नाव घेऊन खातं उघडलं. पहिली पोस्ट: गोगलगाय, शेजारी गुलाब, खाली शुभ सकाळ. ह्यांनी विचारलं, गुलाब कशाला? नुसती गोगलगाय कोण बघणार! एकोणीस लाइक. सतरा माहेरचे. वहीत जमेला धरले.

९ जून
संकल्प: रोज एकच पोस्ट. डेटा फुकट येत नाही. आज सात झाल्या. पण चार सुविचार होते, ते मोजायचे नाहीत.

१२ जून, दुपार
एका अनोळखी बाईने तीन फोटो पाठवले. बघते तर आमचीच गोगलगाय! तोच शंख, तसाच डावा. आणि खाली लिहिते काय, 'ही आमच्याकडची'. ह्यांनी अकरा वर्षं चिखल तुडवायचा, आणि हिने आयतं आमच्याकडची म्हणायचं! चार खडे शब्द सुनावले. ब्लॉक केली. ह्यांना बोलले नाही. आधीच काळजीत आहेत, डोक्याला ताप नको.

२० जून
दोनशे बारा फॉलोअर. ह्यांनी विचारलं, कुणी काही कळवलं? म्हटलं, कामाचं कुणी नाही. धाकटी म्हणते, आई, लाइक सुविचारांना आहेत, गोगलगायीला नाहीत. जळते.

२७ जून
हे खोलीतलं सामान खोक्यांत भरून घरी आणताहेत. मला पाहवेना. देवापुढे बसले. तेवढ्यात धाकटीने माझा फोन चाळला आणि बाबा, बाबा म्हणून ओरडलीच. हे ते तीन फोटो बघत उभेच राहिले. मग हळूच विचारलं, तू हिला काय लिहिलंस? मी वाचून दाखवलं: 'दुसऱ्याच्या गोगलगायीवर डोळा ठेवणं चांगल्या घरच्या बाईला शोभत नाही.' धाकटी पोट धरून हसली. हे नाही हसले. त्या बाईंना लिहायला बसले.

३० जून
बाईंचं उत्तर आलं. शिक्षिका आहेत. शाळेमागच्या ओढ्यात ढिगाने आहेत म्हणतात, या, दाखवते. साहेबांनी खोली ठेवली. म्हटलं, बघा, शेवटी माझ्या खात्यामुळेच ना? हे हो म्हणाले. बाईंना काय लिहिलंत ते दाखवा म्हटलं. एवढंच होतं: 'चूक माझ्या पत्नीची नाही, माझी आहे. फोन तिच्या हाती मीच दिला.'

वाचून ऊर भरून आला.

दुपारी पुन्हा वाचलं. तेव्हा नाही आला.