सुकदेवमामांचं खुराडं

पोर्ट ऑफ स्पेन, ३ मार्च

ती. सुकदेवमामांस दर्शनीचा सा. न. वि. वि.

मामा, नाचावंसं वाटतंय! घरपट्टीच्या कामात मला आपलंच गाव मिळालं! खनिज तेलाचा भाव पडला, तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा कुठे सरकारला घरपट्टी आठवली. पण या वेळी पैसा इथे राजधानीत येणार नाही, आपल्या पिनालच्या कौन्सिलातच राहणार. आणि गावाने पुरेशी पट्टी भरली, तर पहिलं काम आपल्या खचलेल्या रस्त्याचं! मामीच्या छातीत कळ आली आणि ॲम्ब्युलन्स वळणावरच अडली, ते मी अजून विसरलेले नाही.

सोबत फॉर्म आहे. घराची किंमत मालकानेच लिहायची. तुम्ही खरी लिहिलीत की गावही लिहील. हवं तर आधी रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची दर्शनी

पिनाल, ११ मार्च

चि. दर्शनीस अ. उ. आ.

बरी गं शहाणी झालीस! आमच्या पायाखालचं तेल उपसून नेलं, आणि आता आमच्याच घरात राहायचे पैसे आम्ही द्यायचे? 'कर देणार नाही' असं मी फाटकाशेजारच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलंय. मामी म्हणते, अक्षरं वाकडी आलीत.

तरी तुझी नोकरी नवी, म्हणून फॉर्म भरला. घर कसलं, कोंबड्यांचं खुराडं! किंमतही तेवढीच लिहिलीय. शेजारच्या बूधरामनेही भरला म्हणे. त्याच्या निळ्या पत्र्याला किंमत ती काय! तपासायला येऊ नकोस. आलीसच तर जेवून जा, मामी बदकाचं कालवण करील.

तुझा मामा

पोर्ट ऑफ स्पेन, २ एप्रिल

ती. मामांस सा. न. वि. वि.

खुराडं पोचलं. तुमचं बघून अख्ख्या गावाने खुराडीच लिहिलीत. असंच राहिलं तर रस्ता काही होत नाही, मामा. मला रडूच आलं. खरी किंमत लिहिली ती एकट्या बूधरामकाकांनी.

नियमाप्रमाणे यादी दुकानाबाहेर लावलीय. हरकत असल्यास महिनाभरात कळवा. मामीला जपा.

दर्शनी

पिनाल, ९ एप्रिल

चि. दर्शनीस अ. उ. आ.

अगं, हा काय चावटपणा! यादीत बूधरामचं घर माझ्या वीसपट! त्या निळ्या पत्र्याचं! दुकानात पोरं मला खुराडेवाले मामा म्हणतात आणि मामी हसून हसून डोळे पुसते. हरकतीचा फॉर्म ताबडतोब धाड. हरकत अशी की किंमत फारच कमी लागलीय! गॅलरीतली इटलीची फरशी लिही, दोन न्हाणीघरं लिही, वरचा अर्धवट मजलाही लिही. आणि एक नको, गठ्ठाच पाठव. कालपासून जो तो आपल्या खोल्या मोजत फिरतोय.

खरं सांगू पोरी? फरशीचं सोड. त्या दिवशी मामीला खुर्चीत घालून वळणापर्यंत नेलं, तेव्हा एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला बूधराम. त्याने काही हात सोडला नाही. मग रस्ता त्याच्या एकट्याच्या जिवावर टाकून मी कसा पळू?

भिंत आज पुसली. आशीर्वाद आहेतच. रोलर येईल त्या दिवशी जेवायला ये, बूधरामलाही बोलावलंय.

तुझा मामा